गिट (आवृत्ती नियंत्रण प्रणाली)

गिट ही संगणकीय संहितेच्या, तसेच कोणत्याही लिखित मजकुराच्या क्रमवार आवृत्त्या जपून ठेवणारी मुक्त संगणक प्रणाली आहे. एकाच प्रकल्पावर काम करणाऱ्या अनेक व्यक्तींना एकमेकांचे लेखन न पुसता भर घालता यावी, हा तिचा मुख्य हेतू होय. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहिली. गिट प्रामुख्याने कमांड लाइनवरून, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत आज्ञा टंकून वापरली जाते.

गिट आणि गिटहब यांना एकच समजण्याची चूक सर्रास होते. गिट वापरकर्त्याच्या स्वतःच्या संगणकावर चालते आणि नोंदी करण्यासाठी तिला इंटरनेट लागत नाही. गिटहब, गिटलॅब, बिटबकेट ही गिटच्या रिपॉझिटऱ्या, म्हणजे संहितेची कोठारे, आंतरजालावर ठेवून घेणारी आणि त्यांभोवती चर्चेची सोय करणारी संकेतस्थळे आहेत. प्रस्तुत लेखात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्या लागतात.

पार्श्वभूमी

धारिकांच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणाली गिटपूर्वीही होत्या. बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस लिहिली. १९८०च्या दशकात आरसीएस व सीव्हीएस आणि २००० नंतर सबव्हर्जन या प्रणाली प्रचारात आल्या. सीव्हीएस व सबव्हर्जन या दोहोंत संपूर्ण इतिहास एका मध्यवर्ती सर्व्हरवर राही. काम करणाऱ्याच्या संगणकावर केवळ चालू आवृत्ती असे. सर्व्हरशी संपर्क तुटला की नवी नोंद करणेही थांबे.

लिनक्स कर्नलच्या विकासात २००२ पर्यंत अशी कोणतीच प्रणाली रुळलेली नव्हती. जगभरातून ईमेलने आलेले बदल टोरवाल्ड्स स्वतः तपासून मूळ संहितेत बसवीत. २००२ मध्ये त्यांनी बिटकीपर ही वितरित, परंतु खासगी मालकीची प्रणाली स्वीकारली. मुक्त संहितेच्या एवढ्या मोठ्या प्रकल्पाने बंदिस्त साधनावर विसंबावे, हे अनेक सहकाऱ्यांना रुचले नाही. पुढे अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी संवाद साधणारे मुक्त साधन तयार करण्याचा प्रयत्न केला. त्यावरून वाद होऊन २००५ मध्ये बिटमूव्हर कंपनीने कर्नलच्या विकसकांना दिलेली विनामूल्य सवलत काढून घेतली.

टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ रोजी नव्या प्रणालीचे काम आरंभिले आणि ७ एप्रिलला गिटची स्वतःची संहिता गिटमध्येच नोंदली जाऊ लागली. १६ जून रोजी कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या साहाय्याने प्रसिद्ध झाली. २६ जुलै रोजी प्रणालीच्या देखभालीची जबाबदारी जुनियो हमानो यांच्याकडे सोपविण्यात आली व २१ डिसेंबरला तिची १.० ही आवृत्ती निघाली. ‘गिट’ हा ब्रिटिश बोलीत खडूस माणसाला उद्देशून वापरला जाणारा शब्द आहे; आपण आपल्या प्रकल्पांना स्वतःचेच नाव देतो, असे टोरवाल्ड्स यांनी त्यावर विनोदाने म्हटले होते.

नोंदीची घडण

गिटमधील मूळ घटक म्हणजे कमिट. मराठीत ‘नोंद’ हा शब्द त्यासाठी चपखल बसला असता, पण बोलण्यात कमिटच रूढ झाला आहे. प्रत्येक कमिटमध्ये त्या क्षणीच्या सर्व धारिकांचे चित्र, करणाऱ्याचे नाव व ईमेल, दिनांक, बदलाचे कारण सांगणारा संदेश आणि आधीच्या कमिटचा ओळखक्रमांक एवढ्या गोष्टी असतात. हा क्रमांक एसएचए-१ या गणिती पद्धतीने कमिटच्या मजकुरातूनच काढला जातो व तो ४० चिन्हांचा असतो. प्रत्येक कमिटच्या पोटात त्याच्या पूर्वजाचा क्रमांक असल्यामुळे मागच्या एखाद्या नोंदीतले एक अक्षर बदलले, तरी पुढच्या सर्व नोंदींचे क्रमांक बदलतात. इतिहासात गुपचूप फेरफार करणे त्यामुळे अवघड होते. २०१७ मध्ये गूगल आणि ॲम्स्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेने एकच एसएचए-१ क्रमांक देणाऱ्या दोन भिन्न धारिका तयार करून दाखविल्या. त्यानंतर गिटने अशी बनावट ओळखणारी तपासणी अंगीकारली आणि २०२० मध्ये एसएचए-२५६ या अधिक सुरक्षित पद्धतीचा प्रायोगिक स्वीकार केला.

नोंद दोन पायऱ्यांत होते. ‘गिट ॲड’ या आज्ञेने कोणते बदल नोंदवायचे ते निवडले जातात आणि ‘गिट कमिट’ने त्यांची नोंद होते. ही मधली पायरी नवशिक्यांना निरर्थक वाटते. परंतु दिवसभरात केलेल्या मिसळलेल्या कामातून एका कारणाचे बदल एका नोंदीत व दुसऱ्या कारणाचे दुसऱ्या नोंदीत ठेवता येतात, ते तिच्यामुळेच. असा नीट लावलेला इतिहास पुढे उपयोगी पडतो. ‘गिट ब्लेम’ ही आज्ञा प्रत्येक ओळ शेवटी कोणी व कोणत्या नोंदीत बदलली ते सांगते. ‘गिट बायसेक्ट’ दोष केव्हा शिरला ते शोधते. शेवटची निर्दोष आणि आजची सदोष आवृत्ती दाखवली, की ती दरवेळी मधली नोंद तपासायला देऊन शोधाची कक्षा निम्मी करत जाते. १,००० नोंदींतला दोष अशा रीतीने सुमारे १० चाचण्यांत सापडतो.

शाखा म्हणजे धारिकांची वेगळी प्रत नसून एखाद्या कमिटकडे बोट दाखविणारी लहानशी खूण होय. ‘गिट स्विच’ या आज्ञेने एका शाखेवरून दुसरीवर जाता येते. नवी शाखा निर्माण करणे जवळजवळ फुकट असल्याने प्रत्येक लहान कामासाठी स्वतंत्र शाखा काढण्याची पद्धत पडली आहे.

आपली प्रत आणि दूरची प्रत

‘गिट क्लोन’ या आज्ञेने दूरच्या रिपॉझिटरीची प्रत आपल्या संगणकावर येते. सामान्यतः तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासूनचा संपूर्ण इतिहासही येतो. ज्या रिपॉझिटरीवरून प्रत घेतली, तिला गिट ‘ओरिजिन’ या नावाने ओळखते. यापुढे दोन्ही प्रती स्वतंत्र असतात. केलेल्या नोंदी केवळ आपल्याकडे राहतात. ‘गिट पुश’ ही आज्ञा दिल्यावरच त्या ओरिजिनकडे जातात. ‘गिट फेच’ने तिकडच्या नव्या नोंदी इकडे येतात, परंतु आपल्या कामात मिसळत नाहीत. ‘गिट पुल’ ही आज्ञा आणणे व मिसळणे या दोन्ही क्रिया एकदम करते. म्हणून सावध वापरकर्ते आधी फेच करून काय आले आहे ते पाहतात.

येथे एक गैरसमज नेहमी घडतो. ‘गिट स्टेटस’ या आज्ञेने आपली शाखा ओरिजिनशी जुळलेली असल्याचे सांगितले, की वापरकर्ता निश्चिंत होतो. वास्तविक ही आज्ञा दूरच्या सर्व्हरला काहीच विचारत नाही. मागच्या वेळी संपर्क झाला तेव्हा ओरिजिन जसे होते, त्या आठवणीशी ती तुलना करते. ही आठवण आठवडाभर जुनी असू शकते.

दरम्यान कोणी सहकाऱ्याने त्याच शाखेवर नव्या नोंदी पाठवल्या असतील, तर आपला पुश नाकारला जातो. पडद्यावर उमटणारा नकाराचा संदेश पाहून विद्यार्थी घाबरतात. खरे तर तो नकार सहकाऱ्याचे काम वाचवत असतो. आधी त्याच्या नोंदी आणा, आपल्यात मिळवा आणि मग पाठवा, एवढाच त्याचा अर्थ. मिळविण्याच्या दोन रीती आहेत. ‘गिट मर्ज’ दोन्ही प्रवाह एका नव्या नोंदीत जोडते व ते वेगळे होते ही खूण इतिहासात राखते. ‘गिट रिबेस’ आपल्या नोंदी उचलून सहकाऱ्याच्या नोंदींनंतर पुन्हा रचते. इतिहास सरळ दिसतो, मात्र आपल्या नोंदींचे क्रमांक बदलतात. त्यामुळे इतरांनी ज्यांवर काम सुरू केले आहे अशा, आधीच पाठवलेल्या नोंदींवर रिबेस करू नये, असा संकेत आहे.

संघर्ष

दोघांनी धारिकेच्या वेगवेगळ्या भागांत बदल केले असतील, तर गिट ते आपोआप जोडते. एकाच ओळीवर दोघांचे हात पडले असतील, तर ती थांबते. या स्थितीला कॉन्फ्लिक्ट किंवा संघर्ष म्हणतात. अशा वेळी गिट दोन्ही पाठ धारिकेतच लिहून ठेवते. आरंभी ‘पेक्षा लहान’ची सात चिन्हे, मध्ये बरोबरची सात चिन्हे आणि शेवटी ‘पेक्षा मोठा’ची सात चिन्हे असतात. माणसाने दोन्ही पाठ वाचून योग्य तो ठेवायचा, चिन्हे काढून टाकायची आणि धारिका पुन्हा ॲड करून नोंद पुरी करायची. गोंधळ झालाच, तर ‘गिट मर्ज’ला ‘अबॉर्ट’ हा पर्याय जोडून जोडणीपूर्वीच्या स्थितीत परतता येते.

दिसणाऱ्या संघर्षापेक्षा न दिसणारा अधिक धोक्याचा असतो. समजा, एकाने संहितेतील एका फलनाचे नाव बदलले आणि त्याच वेळी दुसऱ्याने वेगळ्या धारिकेत त्याला जुन्या नावाने बोलावले. ओळी भिन्न असल्याने गिट दोन्ही बदल विनातक्रार जोडते आणि कार्यक्रम मात्र बंद पडतो. गिट ओळींची तुलना करते. संहितेचा अर्थ तिला कळत नाही. जोडणीनंतर चाचण्या चालविण्याची आणि दुसऱ्या माणसाने बदल वाचण्याची गरज त्यामुळे उरतेच.

पुल रिक्वेस्ट आणि जीएच

आपले बदल मूळ प्रकल्पात घ्यावेत, अशी विनंती करण्याची ‘रिक्वेस्ट-पुल’ ही आज्ञा गिटमध्ये गिटहबच्या आधीपासून आहे. ती ईमेलमध्ये घालण्याजोगा गोषवारा तयार करते. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहबने या विनंतीला संकेतस्थळावरील पानाचे रूप दिले. तेथे बदल ओळीनिशी दिसतात, प्रत्येक ओळीखाली चर्चा करता येते आणि संमती मिळाल्यावर जोडणीही तेथेच होते. परक्या प्रकल्पात लिहिण्याचा अधिकार नसलेली व्यक्ती प्रथम त्याची ‘फोर्क’, म्हणजे स्वतःच्या खात्यातील प्रत, तयार करते, तीत बदल करते आणि मग विनंती पाठवते. गिटलॅबवर याच विनंतीला मर्ज रिक्वेस्ट म्हणतात.

ही पाने गिटचा भाग नसल्याने मूळ गिटच्या आज्ञांनी ती हाताळता येत नाहीत. प्रारंभी ‘हब’ नावाच्या साधनाने ही उणीव भरून काढली. सप्टेंबर २०२० मध्ये गिटहबने स्वतःचे ‘जीएच’ हे कमांड लाइन साधन १.० आवृत्तीत प्रसिद्ध केले. ते गो भाषेत लिहिलेले असून त्याची संहिता मुक्त आहे. ‘जीएच ऑथ लॉगिन’ने खात्याची ओळख पटवली, की ‘जीएच रेपो फोर्क’ने फोर्क काढणे, ‘जीएच पीआर क्रिएट’ने विनंती पाठविणे, ‘जीएच इश्यू लिस्ट’ने प्रलंबित तक्रारी पाहणे ही कामे टर्मिनलमधूनच होतात. यांतील सर्वांत उपयुक्त आज्ञा बहुधा ‘जीएच पीआर चेकआउट’ ही ठरावी. तिच्यापुढे विनंतीचा क्रमांक दिला, की दुसऱ्याने सुचवलेली संहिता आपल्या संगणकावर उतरते आणि प्रत्यक्ष चालवून पाहता येते. परीक्षणाच्या नावाखाली बदल केवळ डोळ्यांखालून घालून संमती देण्याची सवय बोकाळलेली असताना या सोयीचे महत्त्व मोठे आहे. गिटलॅबसाठी ‘जीलॅब’ हे याच धर्तीचे साधन आहे.

सर्वच प्रकल्पांनी ही रीत स्वीकारलेली नाही. ज्या लिनक्स कर्नलसाठी गिट निर्माण झाली, त्यात बदल आजही प्रामुख्याने ईमेलनेच पाठवले जातात. त्यासाठी गिटमध्ये ‘फॉरमॅट-पॅच’, ‘सेंड-ईमेल’ आणि ‘एएम’ या आज्ञा आहेत. संहिता देण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी ग्वाही देणारी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ प्रत्येक बदलाच्या संदेशात लिहावी लागते; कर्नलच्या कामात ही प्रथा २००४ मध्ये सुरू झाली.

ओळख, किल्ल्या आणि गुपिते

कमिटवर दिसणारे नाव वापरकर्त्याने स्वतः लिहिलेले असते. गिट त्याची कोणतीही खातरजमा करत नाही; कोणीही दुसऱ्याचे नाव व ईमेल भरून नोंद करू शकतो. श्रेय किंवा दोष देताना हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. खात्री हवी असल्यास कमिटवर जीपीजी किंवा एसएसएच किल्लीने अंकीय स्वाक्षरी करावी लागते.

सर्व्हरवर लिहिण्याचा अधिकार ही वेगळी बाब होय. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या आज्ञांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले. तेव्हापासून मर्यादित अधिकाराचे टोकन अथवा एसएसएच किल्ल्यांची जोडी वापरावी लागते. जोडीतील सार्वजनिक किल्ली संकेतस्थळाला द्यायची असते, खासगी किल्ली आपल्या संगणकाबाहेर जाता कामा नये.

पासवर्ड, टोकन किंवा खासगी किल्ली चुकून कमिटमध्ये शिरणे हा वारंवार घडणारा अपघात आहे. पुढच्या कमिटमध्ये ती धारिका खोडल्याने काही साधत नाही, कारण जुनी नोंद इतिहासात तशीच राहते. ‘फिल्टर-रेपो’सारख्या साधनाने इतिहास पुन्हा लिहिता येतो, तरीही तोवर कोणी क्लोन घेतला असेल, तर गुपित त्याच्याकडे राहिलेच. यावर पहिला उपाय एकच, तो पासवर्ड किंवा ती किल्ली तत्काळ रद्द करणे. या चुकीतून खुद्द गिटहबही सुटलेले नाही. त्याच्या सर्व्हरची आरएसए खासगी किल्ली एका सार्वजनिक रिपॉझिटरीत अल्पकाळ उघडी पडल्याने कंपनीने ती २४ मार्च २०२३ रोजी बदलली. त्या दिवशी असंख्य वापरकर्त्यांच्या टर्मिनलवर सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा झळकला.

इतिहास पुसणारी आज्ञा

‘गिट पुश’ला ‘फोर्स’ हा पर्याय जोडला, की वर सांगितलेला नकार बाजूला सारून दूरची शाखा आपल्या प्रतीप्रमाणे केली जाते. तेथे इतरांच्या नव्या नोंदी असतील, तर त्या शाखेवरून नाहीशा होतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये जेंकिन्स या मुक्त प्रकल्पाच्या गिटहबवरील दीडशेहून अधिक रिपॉझिटऱ्यांवर अशाच प्रकारे जुन्या प्रती चुकून लिहिल्या गेल्या. विकसकांकडील क्लोन आणि गिटहबच्या नोंदवह्या यांच्या आधारे त्या पूर्ववत करण्यात आल्या. इतिहास अनेकांच्या संगणकांवर विखुरलेला असण्याचा लाभ अशा वेळी कळतो.

‘फोर्स-विथ-लीज’ हा पर्याय तुलनेने सुरक्षित आहे. दूरची शाखा आपण शेवटी पाहिली तशीच असेल, तरच तो ती बदलतो. मात्र काही संपादक-साधने वापरकर्त्याच्या नकळत पार्श्वभूमीला फेच करत राहतात. त्यामुळे न पाहिलेल्या नोंदीही ‘पाहिल्या’ असे गृहीत धरले जाऊन हे संरक्षण फोल ठरू शकते. मुख्य शाखेवर सर्व्हरवरच बंदी घालणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

आपल्याच प्रतीत हरवलेली नोंद ‘गिट रिफलॉग’ने बहुधा सापडते. शाखांची टोके कोठून कोठे हलली, याची ती स्थानिक रोजनिशी आहे. रोजनिशीतील नोंदी सामान्यतः ९० दिवस, तर शाखेच्या सध्याच्या इतिहासातून सुटलेल्या ३० दिवस ठेवल्या जातात. ज्याचे कमिटच झाले नव्हते असे काम ‘रिसेट’ आज्ञेच्या ‘हार्ड’ पर्यायाने पुसले गेले, तर रिफलॉग मदतीला येत नाही.

देवनागरी मजकूर आणि गिट

गिटमध्ये कमिटचे संदेश युनिकोडमध्ये ठेवले जातात. ते मराठीत लिहिण्यास अडचण नाही. धारिकांच्या नावांबाबत मात्र मराठी वापरकर्ता प्रथम गोंधळतो. रोमनेतर अक्षरे गिट सहसा अंकांच्या रूपात दाखवते. ‘मराठी’ हे नाव म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांचे व प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असल्याने पडद्यावर तीन-तीन अंकांचे १५ गट उमटतात. धारिका बिघडलेली नसते. ‘कोअर’ विभागातील ‘कोटपाथ’ ही मांडणी ‘फॉल्स’ केली, की नाव देवनागरीत दिसते. अनेक टर्मिनलांत जोडाक्षरे तुटक दिसतात. तो दोष टर्मिनलचा आहे, साठवलेल्या मजकुराचा नाही.

संहितेऐवजी गद्य मजकूर ठेवताना आणखी एक अडचण येते. लेखक सबंध परिच्छेद एका ओळीत लिहितो, त्यामुळे एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारले तरी ‘गिट डिफ’ पूर्ण परिच्छेदच बदलल्याचे दाखवते. ‘वर्ड-डिफ’ हा पर्याय जोडल्यास नेमका बदललेला शब्द दिसतो. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिण्याची सवय लावली, तर संघर्षही कमी होतात. देवनागरी टंकांच्या निर्मितीतही गिटचा वापर होतो. मुंबईतील एक टाइप या संस्थेच्या मुक्त, बालू इत्यादी टंकांची मूळ साधने गिटहबवर खुली आहेत.

संहिता सर्वांकडे, चर्चा एके ठिकाणी

गिटची रचना विकेंद्रित असली, तरी तिचा प्रत्यक्ष वापर मोजक्या संकेतस्थळांभोवती एकवटला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ७.५ अब्ज डॉलर किमतीला गिटहब घेण्याचे जाहीर केल्यावर अनेक प्रकल्पांनी गिटलॅबची वाट धरली. डिसेंबर २०१४ मध्ये भारताच्या दूरसंचार विभागाने ३२ संकेतस्थळे अडविण्याचा आदेश दिला, त्यांत गिटहबही होते. जानेवारी २०१५ च्या आरंभी त्यावरील बंदी उठली. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया व क्रिमिया येथील वापरकर्त्यांच्या खासगी रिपॉझिटऱ्यांवर गिटहबने मर्यादा घातल्या.

अशा प्रसंगी ज्यांच्याकडे क्लोन असतो त्यांची संहिता व इतिहास शाबूत राहतात, आणि ‘गिट रिमोट’ या आज्ञेने दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता जोडून तेथे पुश करता येतो. परंतु तक्रारी, परीक्षणातील शेरे, एखादा बदल का नाकारला याची कारणे हे सारे क्लोनमध्ये नसते. ते संकेतस्थळाच्या साठ्यात राहते. ‘जीएच एपीआय’ या आज्ञेने ते पानापानाने उतरवून घेता येते. मात्र त्यासाठी संकेतस्थळ चालू आणि खाते शाबूत असावे लागते. बदलामागील कारण कमिटच्या संदेशातच सविस्तर लिहिण्याचा आग्रह कर्नलच्या विकसकांनी धरला आहे, आणि तो मजकूर प्रत्येक क्लोनबरोबर जातो.